पहाटे पाचचं गोल बटण

"येत्या जूनमध्ये हा रेणुकादास पहाटे पाचला फळ्यासमोर उभा दिसला, तर नाव बदलून ठेवीन!"

असं म्हणून रेणुकादास सरांनी टीचर्स रूममधल्या टेबलावर जोरात थाप मारली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण खोलीत दुसरं कोणी नव्हतं. सकाळचे सात वाजले होते, सर नुकतेच पाचची बॅच शिकवून आले होते, आणि त्यांच्यासोबत फक्त एक थर्मास होता. त्यात काढा होता. त्याबद्दल पुढं येईलच.

आता ही पाचची भानगड काय आहे, ते आधी सांगायला पाहिजे. भूकंप झाला तो पहाटे चारच्या सुमाराला. त्यानंतर कितीतरी वर्षं लातुरात माणसांना त्या वेळेला आपोआप जाग यायची. उठून बसायचं, भिंतीकडं बघायचं, लेकरांच्या अंगावरून हात फिरवायचा, आणि मग झोप कुठली यायला! सगळं गाव असं जागं असताना क्लासचे मालक हणमंतराव सर यांच्या डोक्यात एक विचार आला. "नाहीतरी पोरं जागीच असतायत, मग गणितं का सोडवंनात?" झालं! पाचची बॅच निघाली. पुढं मेरिट लिस्टात लातूरची नावं झळकायला लागली, तशी औसा, हदगाव, कुठून कुठून पोरं एसटीतून उतरायला लागली, आणि ती बॅच क्लासची शान होऊन बसली.

यथावकाश लोकांची झोप परत आली. रेणुकादास सरांची तर सगळ्यांच्या आधी आली! बॅच मात्र गेली नाही. गणिताचा मास्तर एकच असल्यामुळं वर्षानुवर्षं सर रोज अंधारात स्कूटरला किक मारत होते. डोळ्यांखाली काळं झालं होतं. घसा असा बसला होता की 'साइन थीटा' म्हणताना शेवटचा 'टा' पोरांनाच म्हणावा लागायचा. त्या घशावर त्यांच्या पत्नी, चंद्रप्रभाबाई, अडुळसा, मिरी आणि आणखी कसकसलं उकळून काढा करायच्या. तो प्यायल्यावर दिवसभर दुसरी कुठलीच चव लागायची नाही. माणूस बेजार झाला होता हो अगदी!

अशात हणमंतराव सरांनी कॉम्प्युटर घेतला. त्याला हार घातला, नारळ फोडला, वर प्लॅस्टिकचं कव्हर घातलं, आणि पुढं काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. रेणुकादास सरांनी सुट्टीत प्रोग्रामिंगचा कोर्स केला होता. ते छाती पुढं काढून म्हणाले, "सर, प्रवेशाचा प्रोग्राम मी करून देतो. पालक येतील, पडद्यावर बघून आपल्या पसंतीची बॅच निवडतील. पुण्यासारखं!"

पुण्याचं नाव काढल्यावर हणमंतराव सर खुश! "करा की. जमलं तर तुम्हाला कॉम्प्युटर विभागप्रमुख करतो. पाटी रंगवून घेतो."

"आणि पाचची बॅच?"

"तिला पोरंच आली नाहीत तर बंद करू. मग काय भिंतीला शिकवायचं का!"

हे वाक्य ऐकून सरांना वाटलं, सुटलो! साधा हिशोब होता. आजवर बॅच ठरवायचे हणमंतराव. आता निवड लोकांच्या हातात गेल्यावर शहाणा माणूस पाच वाजताचं बटण कशाला दाबेल? सगळे दुपारची नाहीतर संध्याकाळची बॅच घेणार, आणि पाचची बॅच आपल्या मरणानं मरणार. आपण एसीत बसणार! एसी फक्त कॉम्प्युटरच्या खोलीला होता.

ज्यांनी ती बटणं पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो. पडद्यावर बारकी बारकी गोल बटणं असतात. एकावर टिचकी मारली की त्यात काळा ठिपका येतो आणि शेजारच्यातला जातो. एका वेळेला एकच. सरांनी एका रविवारी दुपारी बसून अशी भरपूर बटणं मांडली. मुलगा, मुलगी. मेडिकल, इंजिनिअरिंग. भूकंपग्रस्त होय, नाही. आणि शेवटी बॅचची तीन: पहाटे पाच, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. गणिताचा माणूस! चढता क्रम सोडून मांडणं त्यांच्या हाताला जमलंच नसतं.

पहिला प्रवेश सगळ्यांदेखत करायचं ठरलं. पालकांना दिसावं म्हणून पडदा त्यांच्याकडं वळवला. माउसवर सिद्धम्मा बसली. निलंग्याची सिद्धम्मा म्हणजे क्लासची क्लार्क, बोलायला फटकळ. पहिले पालक शिरूर अनंतपाळचे धम्मानंद गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतले, सोबत मुलगी प्रियदर्शनी.

"मुलगी," म्हणत सिद्धम्मानं टिचकी मारली. ठिपका आला. सर हसले. "मेडिकल का इंजिनिअरिंग?"

"मेडिकल!" प्रियदर्शनी ठासून म्हणाली.

टिचकी. 'मेडिकल'ला ठिपका आला आणि 'मुलगी'चा गेला!

धम्मानंद गुरुजींनी चष्मा वर सरकवला. "बाई, मुलगी गेली की हो."

"कुठं जाईल? ही काय बसलीया तुमच्या शेजारी!"

"पडद्यावरची म्हणायलोय मी."

सिद्धम्मानं परत 'मुलगी' दाबलं. मुलगी आली, मेडिकल गेलं. परत मेडिकल दाबलं, मुलगी गेली. तीन-चारदा हा पाठशिवणीचा खेळ झाला. शेवटी प्रियदर्शनीच हळूच म्हणाली, "पप्पा, मुलगी असल्यावर डॉक्टर होता येत नाही का?"

"कोण म्हणतं येत न्हाई! बाई, ते राहू द्या. भूकंपग्रस्त लिहा आधी. आमचं घर पडलेलं हाय, सर्टिफिकेट हाय."

टिचकी बसली आणि वरचं सगळं साफ पुसलं गेलं. धम्मानंद गुरुजी बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. मग दमलेल्या आवाजात म्हणाले, "म्हणजे आता ही मुलगी न्हाई, डॉक्टर न्हाई, नुसती भूकंपग्रस्त! सर, दहा वर्षं होत आली हो. आता तरी दुसरं काहीतरी होऊ द्या की लेकराला."

हणमंतराव सरांनी मान वळवून विचारलं, "रेणुकादास सर, काय करायलंय हे तुमचं यंत्र?"

"धूळ गेली असेल आत," सर म्हणाले.

प्रियदर्शनीचा प्रवेश जुन्या पद्धतीनं शाईच्या पेनानं झाला. हणमंतराव सर एवढंच म्हणाले, "सोमवारपासून गर्दी सुरू होतेय. तोवर जमलं तर बघा. नाहीतर पाटी रंगवायला दिलीय, ती पाठीमागून कोरी आहे, दुसऱ्या कामाला येईल."

सर घरी येऊन पुस्तक घेऊन बसले. खोट सापडली! सगळी बटणं एकाच कळपात होती. प्रत्येक प्रश्नाला वेगळी चौकट लागते, म्हणजे त्या चौकटीपुरतंच एक निवडता येतं. सरांनी धडाधड चौकटी आखल्या, बटणं ओढून ओढून त्यांच्यावर नेऊन ठेवली. दिसायला झकास! टिचकी मारली, तर परत मुलगी गायब. कारण बटणं नुसती चौकटीवर दिसत होती, आत नव्हतीच! ती आधी तिथून कापायची आणि मग चौकटीच्या आत चिकटवायची, हे समजेपर्यंत सरांनी चंद्रप्रभाबाईंनी ठेवलेला काढा कोणी न सांगता पिऊन टाकला होता. यावरून काय ते समजा.

शेवटी जमलं. मुलगी मुलगी राहिली आणि डॉक्टरही झाली! सरांना एकदम भरून आलं. पण एक खोड उरली. एखाद्या चौकटीत काहीच निवडलं नाही, तर प्रोग्राम आचके देऊन बंद पडायचा. सर आता इतके थकले होते की खोलात जायची ताकदच उरली नव्हती. त्यांनी सोपा उपाय केला. प्रत्येक चौकटीतलं पहिलं बटण आधीच दाबून ठेवलं. ज्याला बदलायचं तो बदलेल की! लोकांना काय डोळे नाहीत का?

डोळे होते हो. पण आपल्याकडची माणसं सरांना अजून कळली नव्हती.

सोमवारपासून ही झुंबड उडाली! एका पोराच्या प्रवेशाला आई, वडील, मामा, चुलते, शेजारचे तलाठी अशी वरात यायची. सर वर्गातून वर्गात पळत होते. येता-जाता दारातून बघायचे. पडद्यावर ठिपके नीट पडतायत, सिद्धम्मा टिचक्या मारतीय, प्रिंटर करकरतोय. कुठं अडत नव्हतं. बाहेर पाटीसुद्धा लागली: 'रेणुकादास सर, कॉम्प्युटर विभागप्रमुख'. सर तिच्याखालून दोनदा उगीचच गेले. घरी चंद्रप्रभाबाईंना म्हणाले, "आता मी सातपर्यंत झोपणार. तूसुद्धा झोपत जा गं." बाई नुसत्या हसल्या. गावाची झोप परत आली होती, बाईंची नव्हती. त्या अजून चारला उठून बसायच्या.

शनिवारी हणमंतराव सरांनी केबिनमध्ये बोलावलं. चेहरा आनंदानं फुललेला!

"या विभागप्रमुख! तुमच्या कॉम्प्युटरनं डोळे उघडले आमचे. दुपारी दोनला चार टाळकी. संध्याकाळी सहाला सात-आठ. आणि बाकी सगळं पब्लिक पहाटे पाचला!"

रेणुकादास सरांनी खुर्ची धरली. "असं कसं होईल?"

"लोकांनी स्वतः निवडलंय! मी एक शब्द बोललो नाही. विचारा सिद्धम्माला."

सर धावतच कॉम्प्युटरच्या खोलीत गेले. एसी चालू होता, तरी घाम फुटला होता. "सिद्धम्मा, बॅच कुठली ते विचारत नव्हतीस का गं तू?"

"अय्यो! विचारत न्हवते म्हणजे? प्रत्येकाला विचारले. सगळे एकच बोलायलेत, 'तुम्हीच ठरवा बाई. सरांना म्हणावं, तुमचंच लेकरू समजा.'"

"मग तू काय ठरवलंस?"

"मी कशाला ठरवू? दुसऱ्याच्या लेकराचं माझ्या डोक्याला ताप! तुम्ही आधीच ठिपका देऊन ठेवला होता. म्हटलं, सरांनी विचार करूनच दिला असंल. पालकांनापण तसंच सांगितले. ते तर लई खुश झाले!"

सरांनी पडद्याकडं पाहिलं. बॅचच्या चौकटीत सगळ्यात वर 'पहाटे पाच', आणि त्यात काळाभोर ठिपका. चढता क्रम! स्वतःच्या हातानं मांडलेला, स्वतःच्या हातानं दाबलेला!

ते परत केबिनमध्ये गेले. मनाशी ठरवलं, खरं काय ते सांगून टाकायचं. "सर, त्याचं काय आहे, लोकांनी ते खरं म्हणजे निवडलेलं नाही..."

हणमंतराव सरांच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे? प्रोग्राम चुकलाय? सगळ्यांना परत बोलवायचं का? पाटी लावलीय हो आपण बाहेर!"

रेणुकादास सरांच्या डोळ्यांपुढून ती पाटी गेली. मग ती सगळी वरात गेली: आई, वडील, मामा, चुलते, तलाठी. परत बोलावून परत विचारलं, तर ते परत काय म्हणणार तेही त्यांना स्पष्ट ऐकू आलं.

"नाही सर," ते बसलेल्या घशानं म्हणाले, "प्रोग्राम अगदी बरोबर आहे."

"मग झालं तर! फक्त एक अडचण आहे. पाचला एवढी पोरं हॉलमध्ये मावत नाहीत. म्हणून निम्मी चारला घेऊ. तुम्ही आहातच. तेवढं एक बटण वाढवा, 'पहाटे चार'. तुमच्या हातचा मळ आहे तो!"

सर खरोखरच उठले, खोलीत गेले आणि बटण बसवलं. चढता क्रम असल्यामुळं ते सगळ्यात वर गेलं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा चपलासुद्धा दारात एक इकडं, एक तिकडं पडल्या. चंद्रप्रभाबाईंनी विचारलं, "अहो, काय झालं? सातपर्यंत झोपायचं ठरलं ना तुमचं?"

"चारची बॅच लागली मला."

बाईंचा चेहरा असा काही उजळला की सरांना त्याही अवस्थेत बरं वाटलं. "खरं सांगू का? बरंच झालं. इतकी वर्षं त्या वेळेला मी एकटीच उठून बसते. भिंती बघत बसण्यापेक्षा तुम्हाला काहीतरी गरम करून देत जाईन. सोबत होईल हो." आणि पदराला हात पुसत त्यांनी विचारलं, "रोज काय देऊ? चहा करू का काढा?"

सर आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. जीभ हलवायचाही कंटाळा आला होता. बायकोला इतकं बरं वाटतंय, तर वाटू दे, असं म्हणून त्यांनी हात हलवला.

"मला काय विचारतेस? तूच ठरव."

आणि त्यांनी खाडकन डोळे उघडले! पण तोवर आतून खलबत्त्यात मिरी कुटल्याचा आवाज यायला लागला होता.