अर्कादी लुकिचचं पिंप

बायको गुडघे शेकायला तीन आठवडे आरोग्यधामात गेली आणि पहिल्याच रविवारी अर्कादी लुकिचने ठरवलं, की लिंबाच्या झाडाला जरा ऐसपैस घर द्यायचं. हेतू अगदी चांगला होता. (त्याचे आजवरचे सगळे घोटाळे चांगल्या हेतूनेच झालेत. वाईट हेतू बाळगायला जी शिस्त लागते, ती त्याच्यापाशी नाही.)

रशियातल्या पावलोवो गावात ज्याच्या खिडकीत लिंबाचं झाड नाही, त्याला लोक पाहुणा समजतात. बाहेर ओका नदी गोठून दगड झालेली असते आणि आत काचेला टेकून पिवळीधमक लिंबं लोंबत असतात. बायकोचं, म्हणजे झिनाचं, झाड अकरा वर्षांचं. तिच्या आईच्या झाडाची फांदी लावून वाढवलेलं. आई गेली, आईचं झाडही गेलं, हे तेवढं राहिलं. एका पत्र्याच्या डब्यात दाटीवाटीने उभं राहून ते दरवर्षी नऊ-दहा लिंबं द्यायचं.

"एवढ्याशा डब्यात मीसुद्धा वाढलो नसतो," असं झाडाला सांगून अर्कादीने ओकच्या फळ्यांचं पिंप ठोकलं. तो कारखान्यात कुलपं करायचा, म्हणजे हात बारीक कामाचा. पण पिंप असं झालं की त्यात वासराला आंघोळ घालावी. झाड उपटलं, मुळांची जुनी माती झटकली, नवी भरली, वर दोन बादल्या पाणी ओतलं.

झिना परतली. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"हे काय आहे?"

"पिंप."

"ते दिसतंय. माझं झाड कुठंय?"

"मधोमध बघ. जरा वाकून."

झिनाने वाकून पाहिलं. मग ती सरळ झाली आणि पुढचा पाऊण तास बोलत होती. त्यात झाडाचा विषय पाच मिनिटांचा. उरलेल्या वेळात लग्नापासूनचा हिशेब झाला.

मार्च गेला, एप्रिल गेला. गल्लीभर खिडक्यांमधून कोवळी पालवी फुटली. या झाडाने एक पान काढलं नाही. मरेही ना, वाढेही ना, नुसतं उभं. अर्कादीचं डोकं फिरायचं ते याच गोष्टीने. मेलं असतं तर निदान रडून मोकळं होता आलं असतं.

"डब्यात सुखात होतं ते," झिना म्हणायची.

"डब्यात गुदमरत होतं."

"गुदमरत होतं आणि लिंबं देत होतं. तू मोकळा श्वास घेतोस, तू काय देतोस?"

यावर तो दार आपटून बाहेर जायचा, आणि टोपी विसरली म्हणून परत यायचा.

मग अबोला सुरू झाला. झिना त्याच्याशी बोलायची बंद झाली. पण त्याला ऐकू जाईल अशा आवाजात झाडाशी बोलायची. "आई, कोणाच्या गळ्यात बांधलंस गं मला." अर्कादीही भिंतीकडे बघून म्हणायचा, "सासूबाई, तुम्ही माझ्या हातचं कधी गोड मानून घेतलंत, ते आता घ्याल?"

दर रविवारी झिना बाजारात गेली, की तो चमच्याने माती उकरून मुळं तपासायचा. वाढलेली नसायची. मग संतापाने माती मुठीने ठोकून घट्ट करायचा आणि वर तांब्याभर पाणी. शुक्रवारी मात्र माती आपोआप भुसभुशीत झालेली दिसायची. मुळं आतून जोर मारताहेत, असं वाटून त्याला दोन दिवस धीर यायचा.

जूनमध्ये झिनाने पेलगेया साविश्नाला बोलावलं. बाई ऐंशीच्या, अंगाने चिमणीएवढ्या, पण लिंबाच्या बाबतीत त्यांच्यापुढे गावात कोणाची टाप नव्हती. त्यांनी चहा नाकारला, पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि चिखलाने माखलेला चमचा बाहेर काढला.

"हा कोणाचा?"

"माझा," अर्कादी म्हणाला. "हरवला होता."

बाईंनी पुन्हा हात घातला. या वेळी जेवणाचा काटा निघाला.

अर्कादीने झिनाकडे पाहिलं. झिना खिडकीबाहेर बघू लागली.

"गुरुवारी ह्याची दुसरी पाळी असते," शेवटी ती म्हणाली. "ह्याने काय करून ठेवलंय ते बघायला नको?"

"म्हणजे माती तू उकरायचीस?" अर्कादी म्हणाला. "आणि मी इथे वेड्यासारखा खूश होत होतो."

"मीसुद्धा पाणी घालत होते. तू घालतोस हे मला काय माहीत."

"झाड आजारी नाही," पेलगेया साविश्ना म्हणाल्या. "चार मुळं आणि एवढा मोठा दलदलीचा खड्डा. त्यात आठवड्यातून दोनदा झडती. तुम्हाला तरी जेवण गेलं असतं का? मी नेते घरी."

त्यांनी झाड एका छोट्या कुंडीत बसवलं आणि हातगाडी ओढायला अर्थातच अर्कादीला लावलं. भर दुपारी, सगळ्या गावातून. प्रत्येक खिडकीतल्या लिंबामागून कोणी ना कोणी बघत होतं. "सासूला माहेरी पोचवतोस का?" एकाने विचारलंदेखील.

महिन्याने अर्कादी बघायला गेला. झाडाला सात नवी पानं आली होती. तो पोटभर चिडला. घरात चार महिने त्याच्या जिवाला घोर लावणारं झाड, परक्याच्या खिडकीत हसत होतं.

"काय केलंत हो बाई?"

"काही नाही."

"नाही, पण काय घातलंत?"

"काही नाही घातलं. उन्हात ठेवलं, माती सुकली की पाणी. बाकी बघतसुद्धा नाही त्याच्याकडे."

तो विचार करत घरी आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा झिना आपणहून दारात उभी होती. जेवण टेबलावर होतं, बिटाचं गरम सूप, वर साय. चेहराही बराच निवळलेला.

"फुटलं का?"

"सात पानं."

"अगंबाई. काय केलं बाईंनी?"

"काही नाही," अर्कादी म्हणाला. अगदी खरं तेच सांगितलं त्याने.

"नसेल सांगायचं तर नको सांगूस," ती म्हणाली, आणि सुपाची वाटी उचलून आत निघून गेली.