रिकाम्या माणसाचा फोन

टप्! बोर्डावरची पत्र्याची झडप पडली की असा आवाज यायचा. कोणाचा तरी फोन आलाय, उचला. कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षं मी तो आवाज ऐकला. शिक्षण बेताचंच, पण कोणती वायर कुठे खोचायची एवढं पक्कं कळायचं.

म्हणून सुनेने घरातच वॉशिंग मशीन दुरुस्तीचा धंदा काढला, तेव्हा मीच म्हणालो, "फोन मी बघतो." (गप्प बसलो असतो, तर दुपारची झोप तरी राहिली असती.)

तीन फोन बसले. एक सुनेचा, एक बायकोचा, एक माझा. बसवणारा म्हणाला, "आजोबा, सिस्टिम हुशार आहे. जो जास्त वेळ रिकामा, त्याला पुढचा फोन."

घरात सर्वांत रिकामा कोण, ते सिस्टिमला एका दिवसात कळलं. (बायकोला लग्नानंतर आठवडा लागला होता.) बायको एकेका गिऱ्हाइकाशी अर्धा तास बोलणार, सून कामं ठरवण्यात अडकलेली. बाकी सगळे फोन माझ्याकडे. संध्याकाळपर्यंत कान शिजून निघायचे.

परवा सून म्हणाली, "बाबा, आज हॉस्पिटलच्या मॅनेजरांचा फोन येईल. अठरा मशीनचं वर्षभराचं काम आहे. मिळालं तर हाताखाली मेकॅनिक ठेवता येईल, माझी कंबर वाचेल. फोन माझ्याकडे द्या. बाकी काही करू नका."

"पोरी, जन्मभर हेच तर केलं."

फोन आला. दिला. पण जित्याची खोड! आमच्या बोर्डावर रिवाज होता: तीन मिनिटांनी लाइनवर जाऊन विचारायचं, "झालं का?" उत्तर आलं नाही, तर वायर काढायची. या फोनलाही मध्ये शिरायचं बटण होतं. शिरलो.

"झालं का?"

मॅनेजर कागद चाळत असावेत. सून श्वास रोखून बसली असावी. कोणीच बोललं नाही. मी लाइन तोडली.

"बाबा!" आतल्या खोलीतून सुनेची किंकाळी आली. ती घाईघाईने हॉस्पिटलचा नंबर लावायला लागली आणि तिकडून मॅनेजर आमचा. सुनेची लाइन अडकलेली, मी आत्ताच मोकळा झालेला. सिस्टिमने फोन बायकोला दिला.

"मघाशी मध्येच बोलले ते कोण?" मॅनेजरांनी विचारलं. (बायको स्पीकर लावूनच बोलते.)

"त्याच्याकडे लक्ष देऊ नका हो," बायको शांतपणे म्हणाली. "जुनी लाइन आहे. मध्येच खरखरते, ऐन कामाच्या वेळी तुटते. बदलायची राहून गेली, आता सवय झालीय."

पलीकडे मॅनेजर खो खो हसले. "आमची बायकोसुद्धा माझ्याबद्दल हेच सांगते. सोमवारपासून काम सुरू करा."

सून दारात उभी होती. डोळे भरलेले, ओठ घट्ट मिटलेले.

"मिळालं ना काम?" मी म्हणालो. "शेवटी अनुभव तो अनुभव."

तिने माझ्यापुढचा फोन उचलला, सासूच्या फोनशेजारी नेऊन ठेवला, आणि निघून गेली.