माल्टचा ताबा

गेल्या भाद्रपदात आमच्या तालुक्यातला 'माल्ट' हा शब्द शब्द-नियंत्रण कचेरीने जप्त केला. (हे लिहिण्यापुरता तो मी रीतसर मागून आणला आहे.) तक्रार अशी होती की, हा एकच शब्द नाचणीच्या पिठाच्या डब्यावरही राहतो आणि बिअरच्या बाटलीवरही. एका शब्दाला दोन पत्ते चालत नाहीत. शिपायाने तो कापडी पिशवीत घालून गाठीला लाख लावली. त्या दुपारपासून तालुक्यात कुणी तो उच्चारायला गेलं की तोंड नुसतं उघडं राही.

बहुतेकांचं काही अडलं नाही. अडलं ते शालन केरकरचं. ती घरी नाचणीला मोड आणून माल्ट करायची आणि दुकानांना द्यायची, पण अडचण ती नव्हती. तिची आई द्वारकाबाई दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने पडली, तेव्हापासून तिच्याजवळ चारच शब्द उरले होते: शालन, नको, ऊन आणि माल्ट. सकाळी ती चौथा शब्द म्हणायची आणि मग त्याचीच वाटीभर पेज प्यायची. आता तिने तोंड उघडलं, काहीच आलं नाही, आणि तिने मान भिंतीकडे वळवली. शालनने 'सत्त्व' म्हणून पाहिलं, 'आंबील' म्हणून पाहिलं. आई म्हणाली, नको.

तिसऱ्या दिवशी शालन कचेरीत गेली. निरीक्षक करमळकरांनी दुसऱ्या पत्त्यावरच्या माणसालाही बोलावलं होतं. फ्रान्सिस डिमेलो खाडीपलीकडे परवान्याने बिअर बनवत असे.

करमळकरांनी दोघांना त्या शब्दाचा अर्थ विचारला. शालनने सांगितलं की धान्य भिजवायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायचं आणि भाजायचं. डिमेलोने बार्लीचं सांगितलं: भिजवायची, पसरून मोड आणायचे, वाळवायची आणि भाजायची. करमळकरांनी दोन्ही जबाब शेजारी ठेवून वाचले.

"चौथ्या पायरीपर्यंत तुमचं एकच आहे," ते म्हणाले. "पुढे काय?"

"मी दळते," शालन म्हणाली.

"मी पाण्यात घालून आंबवतो," डिमेलो म्हणाला.

करमळकरांनी बराच वेळ पेनाचं टोपण लावलं आणि काढलं. नियमाप्रमाणे शब्द एकालाच मिळणार होता. डिमेलोचा अर्ज आधीचा होता, शिवाय त्याचा धंदाही मोठा.

डिमेलोने शालनला विचारलं की दुकानांसाठी एवढी घाई कशाला. तिने आईचं सांगितलं. तीन दिवस पोटात काही नाही, हेही सांगितलं.

डिमेलो उठून उभा राहिला. "साहेब, माझी गिऱ्हाईकं बोट दाखवून मागतील. शब्द ह्यांच्या नावावर करा."

करमळकरांनी तशी नोंद केली, मात्र एक अट घातली. मागायला येईल त्याला शब्द द्यायचा आणि परत आल्यावर तपासून घ्यायचा. शालनने सही केली, पिशवी घेतली आणि रिक्षाने घर गाठलं. लाख फोडल्यावर द्वारकाबाईंनी तो शब्द दोनदा म्हटला आणि दोन वाट्या प्यायल्या.

आता व्यवस्था लागली आहे. दुकानदार सकाळची पेज झाल्यावर येतात, शब्द नेतात, दुपारी आणून देतात. डिमेलो फक्त शनिवारी संध्याकाळी येतो, बाहेर चपला काढतो, द्वारकाबाईंच्या खाटेजवळ जरा बसतो आणि शब्द घेऊन जातो. रविवारी उजाडताच, पेजेच्या आधी, परत आणतो. कधी तो थोडा ओलसर असतो. शालन तो दोरीवर वाळत घालते.

मागच्या शनिवारी त्याला यायला उशीर झाला. द्वारकाबाई दाराकडे बघत होत्या. तो उंबऱ्यात दिसला तेव्हा त्या स्पष्ट म्हणाल्या, "डिमेलो."

घरात पाचवा शब्द आल्याचं शालनने कचेरीला कळवलं. करमळकरांचं उत्तर आलं आहे. त्यांनी अर्थ विचारला आहे, आणि शालन अजून लिहिते आहे.