पायगुणाला वास असतो काय?

‘एकदा आमच्या घरी पायधूळ झाडा’ असं पाहुण्यांना म्हणायची आपल्याकडे रीत आहे. आमची शेजारीण यसूमावशीही तसं म्हणते. फरक इतकाच, की ती धूळ खरोखरच झाडून घेते आणि तीही फाटकाबाहेर. तिच्या फाटकाशी प्लॅस्टिकचं एक पिंप उभं चिरून आडवं ठेवलं आहे. त्यात मोरचुदाचं निळं पाणी. त्यात पाय बुडवल्याशिवाय आत प्रवेश नाही, मग तुम्ही शेळी असा नाहीतर सरपंच.

पाणी खरं तर शेळ्यांसाठी असतं. पावसाळ्यात चिखलातून चरून आल्या की एकेकीला त्यात थोडा वेळ उभं करायचं, म्हणजे खुरं कुजत नाहीत. पण “तुमी कुणाच्या गोठ्यातला चिखल घेऊन आलाव, मला काय ठावं?” असं म्हणून ती माणसांनाही सोडत नाही. एकदा मतं मागायला एक पुढारी आले, पांढरेशुभ्र मोजे घालून. मोजे निळे करून गेले आणि मत काही मिळालं नाही. मावशीचं म्हणणं, “त्याचं तोंड मी बघितलंच नाय. मत कुणाला देऊ?”

हेही खरंच आहे. मावशी माणसाच्या तोंडाकडे बघत नाही. आधी पाय बघते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. रस्त्यात भेटली की “कशी हायस?” नाही, “टाच फुटलीय गो तुझी” हे पहिलं वाक्य. गावातली माणसं तिला चालीवरून ओळखू येतात, फोटोतली एकही नाही.

मी हमरापूरला एका कारखान्यात गणपती रंगवायला जाते. एकदा मावशी तिथे आली. सगळे लोक बाप्पाचे डोळे बघतात, आखणी कशी झाली म्हणून. मावशी खाली वाकून पायाची बोटं बघत बसली. शेवटी मला म्हणाली, “नखं येवडी लांब काढलीस? बिचारा चालंल कसा? छाट की जरा.” आमचे शेठ हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी होते. मी मात्र मुकाट्याने नखं आखूड केली. मावशीशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं.

शेळ्यांची खुरं छाटायचा तिचा थाट तर बघण्यासारखा. पाटावर बसून शेळीचा पाय मांडीवर घ्यायची, बोटांच्या बेचक्यातला चिखल काढायची, आणि वाढलेलं खूर सुरीने थोडं थोडं सोलत शेळीशी गप्पा मारायची. “नवऱ्याकडं चाललीस? मंग नीट बस.” शेळी पाय झाडायला लागली की, “बघ बघ, पार्लरला पैसे देतात लोक, हिला फुकटात नको.” आमच्या सासूबाईंना हे सगळं वेडाचं लक्षण वाटायचं. “पोर नाय, बाळ नाय, म्हणून शेळ्यांचे पाय चेपते,” असं त्या म्हणायच्या. आमच्याही चार शेळ्या होत्या, पण त्यांच्या पायांकडे आमच्या घरात कोणी कधी पाहिलं नव्हतं.

मग माझ्या धाकट्या दिराचं लग्न झालं. नवी जाऊ सुगंधा रोह्याकडची, गरीब स्वभावाची, विचारल्याशिवाय पाणीसुद्धा न पिणारी. वैशाखात ती घरात आली आणि आषाढात आमच्या शेळ्या लंगडायला लागल्या. आधी एक, मग दुसरी. तिसरी गाभण होती, ती तर गुडघ्यांवर चरायला लागली आणि एक दिवस उठेचना.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि तो शब्द काढला. पायगुण.

एकदा घरात हा शब्द शिरला की तो निघत नाही. दूध नासलं, पायगुण. दिराची शिफ्ट बदलली, पायगुण. मी बोलून पाहिलं, तर “तू नको शिकवू” म्हणून मला गप्प केलं. दीर कंपनीत मशीन चालवतो, पण आईपुढे त्याचं स्वतःचं मशीन बंद पडतं. शेवटी ठरलं, की सुगंधाला माहेरी पाठवायची, ‘जरा दिवस’. या जरा दिवसांतून परत न आलेल्या पोरी मला ठाऊक होत्या. सुगंधा पिशवी भरत बसली, तेव्हा मला असा संताप आला, की मी तशीच कुंपणापाशी गेले आणि यसूमावशीला हाक मारली.

मावशी आली ती थेट आमच्या गोठ्यात. शेळ्यांकडे न बघता तिने आधी जमिनीला हात लावला. कौल फुटलेलं, खाली रबरबाट. मग गाभण शेळीचा पाय उचलला, बेचकं फाकवलं आणि सासूबाईंना म्हणाली, “अनसूये, वाकून जरा वास घे.”

सासूबाईंनी वास घेतला आणि पदर नाकाला लावला.

“ही कुज हाय. वलीनं झालीय. पायगुणाला वास असतो काय गो?”

“पण ही घरात आल्यापासनंच...”

“बरं. सून गोठ्यात कवा आलेली?”

“छे! नव्या नवरीला गोठ्यात कोण धाडतं? अजून तिनं पाऊल नाय टाकलं.”

“मंग पायगुण काय उडत आला?”

गोठ्याच्या दारात उभा असलेला माझा दीर पटकन हसला आणि आईने बघितल्यावर खोकला. सासूबाई तशा दुष्ट नाहीत, हट्टी आहेत, आणि हट्टी माणसाला उत्तर सुचलं नाही की तो कामाला लागतो. त्यांनी दिरालाच कौल बदलायला छपरावर चढवलं.

मग मावशीने आमच्या घराचा ताबा घेतला. लंगड्या शेळ्या वेगळ्या बांधल्या. पडवीतल्या जुन्या फळ्या काढून गोठ्यात उंच माच केला. खाली चुना. तिचं पिंप आमच्या अंगणात आलं. सुगंधाला तिने समोर बसवलं, “धर पाय. घट नको, नवऱ्याचा कान धरतीस तसा धर.” सुगंधा लग्नानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसली. रोज खुरं साफ करायची, वाढलेली असतील तर छाटायची, निळ्या पाण्यात उभं करायचं, ते पिऊ द्यायचं नाही, कोरड्यात बांधायचं. श्रावण लागता लागता गाभण शेळी चारी पायांवर उभी राहिली. भरलेली पिशवी सासूबाईंनी स्वतः रिकामी केली. माफी मागितली नाही, पण सुगंधाच्या साड्या कपाटात माझ्या साड्यांवर ठेवल्या. आमच्या घरात याच्यापेक्षा मोठी माफी नसते.

त्या संध्याकाळी मावशी पिंप न्यायला आली. सुगंधाने विचारलं, “मावशी, हे सगळं तुला कुणी शिकवलं?”

मावशी ओट्यावर टेकली. “मी नवरी होऊन आले ना, त्याच पावसात सासरच्या शेळ्या अशाच लंगडल्या, गेल्या. मंग तापानं मालक गेला. मला पांढऱ्या पायाची म्हनाय लागले. कुणाच्या हळदीला बोलवीत नव्हते. मला पन खरं वाटलं गो. राखेनं पाय घासायची मी, रगत येईस्तोवर. लय वर्सांनी जनावरांचा एक डॉक्टर आलेला गावात. तो सांगत व्हता, शेळ्यांना हे वलीनं होतं. सगळे शेळ्यांसाठी ऐकत व्हते, मी माझ्यासाठी. मी घरी येऊन रडले.”

तिने हे अगदी सहज सांगितलं. इतकी वर्षं कुंपणाला कुंपण लावून राहतो आम्ही, मला यातलं काही माहीत नव्हतं.

सुगंधा उठली आणि तिच्या पाया पडायला वाकली. मावशीने झटकन पाय लुगड्यात ओढून घेतले. “माझ्या नको गो. माझ्या कुणी पडत नाय.”

सुगंधा ऐकेना. तिने लुगड्याचा काठ बाजूला केला. सगळ्या गावाचे पाय बघणाऱ्या त्या बाईची नखं वाढून वळली होती. शेळीचा पाय हातात घेता यायचा, पण वयामुळे स्वतःचा पाय वर ओढून नखं काढणं तिला जमत नव्हतं, आणि घरात दुसरं कोणी नव्हतं.

सुगंधाने आतून गरम पाणी आणलं आणि तिचा पाय मांडीवर घेतला. मावशी ‘सोड, सोड’ म्हणत राहिली, पण पाय काही तिने मागे घेतला नाही.