सत्त्याहत्तरवरचा लाल ढग

"आभायाचं काई असन तर मले इचारा!"

असं देवमनभाऊ छातीवर हात मारून सांगत आणि गाव खरोखरच विचारत असे. अकोल्याहून अकोटला जाणारी एस.टी. हात दाखवला तरच थांबते, एवढं ते गाव. निम्म्या गावाचा झेंडू, उरलेल्यांची वांगी आणि पालक. अशा गावात पाऊस सांगणाऱ्याला जो मान असतो तो सरपंचालाही नसतो. भाऊंनी 'आभाळकट्टा' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता आणि अकोटपासून अकोल्याच्या जठारपेठेपर्यंतची मंडळी त्यात होती.

विद्या म्हणाल तर मोबाइलवर येणारे रडारचे रंगीत नकाशे. निळं म्हणजे काही नाही, पिवळं म्हणजे छत्री घ्या, आणि मध्ये लाल दिसलं की हातातलं काम टाकून घरी पळा! एवढंच. पण भाऊ ते अशा थाटात सांगत की ढग यांना विचारूनच निघतात असं ऐकणाऱ्याला वाटावं. अंदाज अधूनमधून हुकायचे. अधूनमधून म्हणजे बऱ्याचदा! पण भाऊ माणूस गोड, त्यामुळे गाव चालवून घ्यायचं.

भाऊंच्या जिवाला घोर एकच होता, तो पोरीचा. दीपमाला अमरावतीला राजापेठेत मावशीकडे राहून पीएच.डी. करत होती. आपल्याच आकाशगंगेत, हंस तारकासमूहात, नवे तारे जिथे जन्माला येतात तिथून गॅमा किरण निघतात, त्यांचा अभ्यास. दुर्बीण तिकडे अवकाशात फिरते, तिनं टिपलेली माहिती साऱ्या जगाला खुली असते, आणि दीपमाला ती राजापेठेतल्या खोलीत, खाली ट्यूशनच्या पोरांच्या गाड्या कोकलत असताना, चाळत बसते. भाऊंना यातलं 'आभाळ' तेवढं कळलं होतं. त्यांना तेवढं पुरत होतं, पण शेजारच्या मळ्यातला सहदेव सुखानं राहू देईना.

"भाऊ, पोट्टी इतली वर्सं आभाय पाहून राहिली," तो पारावर चारचौघांत म्हणे, "गावासाठी एक थेंब तरी सांगितला का तिनं? लगन करून टाका!"

भाऊ तेव्हा हसून वेळ मारून नेत, पण घरी आल्यावर त्यांना जेवण जात नसे. त्यात माणिकबाईही आताशा सहदेवच्याच सुरात बोलू लागल्या होत्या. मावशीनं दोन स्थळं काढली होती. "दसऱ्याले येऊन राहिली ना थे? तवाच काय थे ठरवून टाकू. निसत्या आभायानं काय पोट भरते?" असं त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं. थोडक्यात काय, पोरीचं शिक्षण गावाच्या उपयोगाचं आहे हे दसऱ्याच्या आत दिसायला हवं होतं. नाहीतर शिक्षण आटोपलंच म्हणून समजा! भाऊंचा जीव तिळतिळ तुटत होता, पण उपाय सुचत नव्हता.

आणि सप्तमीच्या सकाळी मोबाइल वाजला!

दीपमालेनं चित्र पाठवलं होतं. त्याखाली "बाबा, पाहा!!" एवढंच, आणि चार नाचणाऱ्या बाहुल्या. भाऊंनी चष्मा चढवला आणि बशीतला चहा सगळा मांडीवर गेला. चित्र निळंशार आणि मधोमध लालभडक गोळा! भोवती पिवळी झालर! एवढा लाल त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"माणिक! अवं भायेर ये! ढगफुटी!"

"माय वं! कोठी?"

तोच तर प्रश्न होता. नकाशावर ना गाव, ना नदी. पण भाऊ काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. चित्राखाली शहात्तर, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर असे आकडे होते. त्यांनी मोबाइलवरच आपल्या मळ्याचं ठिकाण काढलं. रेखांश सत्त्याहत्तर! अमरावतीचं काढलं, तर सत्त्याहत्तरच्या थोडं पुढे! म्हणजे लाल गोळा अकोला आणि अमरावती दोन्ही पोटात घेऊन बसला होता! फक्त उभा आकडा जुळेना. मळ्याचा अक्षांश होता वीस आणि चित्रावर होता दोन.

"शून्य राहून गेलं असन," भाऊ म्हणाले. "घाईत पाठवलं ना पोट्टीनं."

"तिले एक फोन तर लावा!"

लावला. बंद! रात्रभर जागून दीपमाला बिचारी मोबाइल बंद करून झोपली होती. इकडे भाऊंच्या डोळ्यांसमोर एकदम लख्ख उजेड पडला. अरे, हाच तो थेंब! पोरीची विद्या गावाच्या कामी आली, तीही नेमकी दसऱ्याच्या तोंडावर! त्यांनी ग्रुपवर टाकलं, 'अतिमहत्त्वाचे! माझी कन्या कु. दीपमाला हिने अवकाशातील दुर्बिणीवरून मिळवलेला खास नकाशा. अकोला-अमरावतीवर महाभयंकर ढग. फुले आजच तोडा!'

सहदेव धावतच आला.

"भाऊ, सरकारी रडारवर तर काईच दिसून नाही राहिलं!"

"दिसनच कसं? रडार जमिनीवर, दुर्बीण वर! वरून दिसन का खालून?"

सहदेव मळ्यात गेला आणि फुलं तोडायला लागला. मग गाव कशाला मागे राहतंय! एरवी झेंडू तोडायचा नवमीला, म्हणजे दसऱ्याच्या सकाळी अकोल्याच्या बाजारात ताजा पोचतो. पण भिजलेलं फूल कुजतं, आणि झेंडू गेला तर शेतकऱ्याचा दसरा गेला. म्हातारेकोतारेसुद्धा वाफ्यात उतरले. संध्याकाळपर्यंत उमललेलं एकही फूल झाडावर राहिलं नाही. बाजेवर फुलं, न्हाणीत फुलं, शाळेच्या ओसरीवर फुलं! ठेवायला जागा पुरेना तेव्हा बायकांनी हार ओवून म्हशींच्या गळ्यात घातले.

तेवढ्यात जठारपेठेतून भाऊंच्या बहिणीचा, चंदाबाईंचा फोन.

"दादा, आमच्या मंडळानं तुह्या सांगण्यावरून देवीचा मांडव सोडला! गरबा आता एका कार्यालयाच्या पार्किंगात! मधात खांबच खांब! दोघीजणी आपटल्या!"

"पण कोरड्या राहिल्या ना?" भाऊ म्हणाले.

रात्री तर कहर झाला. कुठल्याशा यूट्यूब चॅनेलनं भोंग्याच्या आवाजात 'वऱ्हाडावर महासंकट' म्हणून तोच नकाशा दाखवला. अकोटात एकानं घरावरची टिनं उडू नयेत म्हणून दोरानं ट्रॅक्टरला बांधली आणि सकाळी ते विसरून ट्रॅक्टर शेतात नेला. टिनं मागून निघाली!

अष्टमी उजाडली ती लखलखीत. आभाळ घासलेल्या परातीसारखं! ढग तर सोडाच, साधं धुकंही नाही. दहा वाजता ऊन चटकायला लागलं. फुलं माना टाकू लागली. अख्खं गाव भाऊंच्या अंगणात जमलं. सगळे नुसते वर पाहत होते आणि मग भाऊंकडे पाहत होते. भाऊंना असं झालं की धरणीनं पोटात घ्यावं.

त्याच वेळी एस.टी.तून दीपमाला उतरली. चेहरा पांढराफटक! अकोल्यात तिकीट फाडताना कंडक्टरनं तिला विचारलं होतं, "ताई, छत्री नाही आणली?" आणि मोबाइल पुढे केला होता. त्यावर तिचाच नकाशा!

"बाबा! काय करून ठेवलं हे तुमी?"

"तुह्याच नकाशावरून सांगितलं ना मी! सत्त्याहत्तर रेखांश..."

"थे आकाशगंगेतले रेखांश होत, बाबा! पृथ्वीवरचे नाही!"

भाऊ चाट पडले. "आकाशगंगेलेबी रेखांश असते?"

"असते! अन हा पावसाचा ढगच नाही. हा पाच हजार प्रकाशवर्षं दूर हाये!"

"म्हंजे दसऱ्यापर्यंत नाही पोचत?" सहदेवनं विचारलं.

"काका, थो येणारच नाही! तिथून निघालेले किरण इथं याले पाच हजार वर्सं लागले."

"पाच हजार वर्सं जुनी बातमी," सहदेव कपाळावर हात मारत म्हणाला, "अन तिच्यासाठी आमी काल उपाशी राहून फुलं तोडली!"

अंगणात एकच गलका झाला. भाऊ खांबाला धरून उभे होते. दीपमालेला त्यांची तशी दशा पाहवेना. ती ओट्यावर चढली आणि गावाला समजावून सांगू लागली. तिथं नवे तारे जन्मतात, त्यांच्या अंगातून प्रचंड वारं सुटतं, त्यानं कण भन्नाट पळायला लागतात, आणि ते वायूवर आदळले की हे किरण निघतात.

"वारं हाये ना पण तिथं?" भाऊ क्षीण आवाजात म्हणाले.

"हाये. लय जोरात."

"मंग!" भाऊ गावाकडे पाहून म्हणाले.

"अन हा लाल डाग," दीपमाला म्हणाली, "हा आजवर कोणालेच दिसला नव्हता. मले पह्यल्यांदा दिसला. म्हणून मी सगळ्यात आधी बाबाले पाठवला."

भाऊंचे डोळे भरून आले. पावसाची फजिती ते साफ विसरले. माणिकबाई पदर सावरत पुढे झाल्या.

"जगात पह्यली? माह्यी पोरगी?"

"व्हय, आई. सरानं हो म्हणलं की झालं."

आणि सरांचाच फोन आला! दीपमालेच्या आधी माणिकबाईंनी तो उचलला आणि साऱ्या गावाला ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"दीपमाला, तुझा नकाशा मला माझ्या मेव्हण्यानं पाठवला. गच्ची झाकून घ्या म्हणाला." इथं दोघंतिघं हसले. "पण बरं झालं, त्यामुळे पाहणं तरी झालं. शेजारी तो झगझगीत पल्सार तारा आहे ना, त्याचा उजेड तू वजा केलास का?"

"केला ना, सर."

"कमी केलास. मी सकाळी पूर्ण वजा करून पाहिलं. तिथं काहीच उरत नाही."

"काहीच?"

"काहीच नाही. डाग गेला. दसरा झाला की ये, पुन्हा पाहू."

फोन बंद झाला. दीपमाला मटकन झेंडूच्या ढिगावर बसली. मघाशी हसलेल्यांनी माना खाली घातल्या. एकटा सहदेवच बोलला.

"घ्या! ना इथं ढग, ना तिथं ढग! मी म्हणत होतो ना, लगन करून टाका!"

आणि आजवर हसून वेळ मारून नेणारे देवमनभाऊ ताडकन खांब सोडून पुढे आले.

"काहून? एक ढग हुकला म्हणून? माह्ये आजवर किती हुकले? मोज! तवा कोणी म्हणलं का, देवमनचं लगन लावून टाका अन त्याचं आभाय बंद करा? अं? पोट्टीचा पह्यलाच हुकला तर लगन?"

आधी कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळं अंगणच हसायला लागलं. कारण मोजायचं म्हटलं तर दसरा उलटून दिवाळी आली असती. "तोडलेल्या फुलाइवर पाणी मारा," मागून एक म्हातारी म्हणाली, "अन झाडावर कळ्या हायेत, परवापर्यंत उमलतीन." लोक हळूहळू पांगू लागले. सहदेवसुद्धा पुटपुटत मळ्याकडे निघाला. माणिकबाईंनी नाक ओढलं.

"मावशीले सांगते मी, स्थळं थांबव म्हणून," त्या म्हणाल्या. "बापाचे इतले खपवून घेतले, पोरीचा एक नाही का खपत?"

भाऊ दीपमालेशेजारी ढिगावर टेकले. तिच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं. मग त्यांनी चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि जाणत्या माणसाच्या आवाजात म्हणाले,

"रडू नको, बाई. असं होतेच आपल्या धंद्यात. वारं पलटलं असन."

"बाबा, तिथलं वारं म्हंजे..." दीपमालेनं समजावून सांगायला तोंड उघडलं. मग बापाकडे पाहिलं आणि डोळे पुसले.

"व्हय, बाबा. पलटलंच असन."