मागल्या खोलीतील पसाऱ्यावर केलेल्या स्वारीची हकीकत

घरच्या सरकारांनी हुकूम केला की, मागल्या खोलीत काय जाहले, कोणामुळे जाहले आणि पुन्हा न व्हावे म्हणून काय करावे, हे साद्यंत लिहून त्याच खोलीच्या दारामागे लावावे. त्या आज्ञेवरून ही हकीकत लिहिली असे. लिहिणाराने मीठ स्टेशनमास्तरांचे खाल्ले आहे, सबब जेथे जेथे त्यांची फजिती जाहली तेथे तेथे 'दैवयोगे' म्हणावे ऐसे मनात होते. परंतु सरकारांनी मसुदा पाहिला आणि तो शब्द सर्वत्र खोडून मोक्याच्या जागी 'स्वतःच्या हाताने' ऐसे घातले, तेच कायम केले आहे. लिहिणारा आणि फजिती पावणारा एकच इसम असावा, ऐसा संशय कोणास आल्यास त्याने तो मनातच ठेवावा.

स्टेशनमास्तर हा किताब त्यांस घरात मिळाला, रेल्वेत नव्हे. दिवसा ते विमा कचेरीत दावे तपासीत आणि पुराव्यावाचून कोणाच्या भिजल्या गादीवरही विश्वास ठेवीत नसत, ऐसा त्यांचा लौकिक. मग घरी येऊन चहा घ्यावा आणि मागल्या खोलीत शिरावे, जेथे आठ वर्षे खपून त्यांनी एका थोरल्या मेजावर बोटभर रुंदीच्या रुळांची रेल्वे वसविली होती. दोन फलाटांचे स्टेशन, सात सिग्नल, एक पूल, आणि कोपऱ्यात जाळी, रद्दी व प्लास्टर यांचा खासा डोंगर. डोंगराच्या पोटातून बोगदा, आणि बोगद्याच्या आत वळणावर एक मुका, म्हणजे पुढे वाट नसलेला, फाटा, की गाडी आत दडवावी आणि पाहुण्यांस चकित करावे. ऐसा डोंगर पृथ्वीवर दुसरा नाही, असे स्टेशनमास्तर म्हणत. दुसरे कोणी म्हणत नसे.

परंतु राज्य वाढले तसा शत्रूही वाढला. त्याचे नाव पसारा. तो वेशीवरून चालून आला नाही. 'कामाला येईल' ऐशा परवान्यावर एकेक इसम आत आला आणि राहिला. बंद पडले घड्याळ आले, त्याची चाके कामाला येतील म्हणून; तेलाच्या बाटल्यांची चौतीस बुचे आली, पाण्याच्या टाक्या होतील म्हणून; बुटांची खोकी आली, त्यांत बाकीचे राहील म्हणून. स्क्रू पिळावयाचा बारीक पेचकस सापडेना म्हणून दुसरा आणला, दुसरा सापडेना म्हणून तिसरा, आणि ऐसे नऊ पेचकस खोलीत नांदू लागले, परंतु वेळेस एकही हजर होईना. पसाऱ्यास शह द्यावा म्हणून स्टेशनमास्तरांनी चाळीस कप्प्यांचे एक कपाट आणिले, प्रत्येक कप्प्यावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लाविली, आणि मग सर्व सामान कपाटाच्या वर ठेविले. अखेर दारापासून मेजापर्यंत एक पाऊल मावेल इतकीच वाट उरली, गाडीची गती राखणारा विजेचा डबाही कोठेतरी गाडला गेला, आणि अकरा महिने एकही गाडी सुटली नाही.

येथे एक मागील प्रकरण सांगणे भाग आहे, जे स्टेशनमास्तर सांगू इच्छीत नव्हते. त्यांच्यापाशी काळे वाफेचे इंजिन होते, लहानपणी वडिलांनी दिलेले, आणि वडील गेल्यावर तर जिवापलीकडे जपलेले. दोन वर्षांमागे एका दुपारी सरकारांचे धाकटे बंधू, म्हणजे स्टेशनमास्तरांचे मेव्हणे, पाहुणे आले. डोंगराचे काम चालू होते. मेव्हण्यांनी ते इंजिन दुपारभर हौसेने फिरविले आणि जाळीकडे पाहून अर्ज केला की, "भाऊजी, मागून एक दार ठेवा. आत काही अडकलं तर हात जायला हवा." स्टेशनमास्तरांनी डोंगरास दार नसते ऐसा निकाल दिला आणि प्लास्टर चढविले, स्वतःच्या हाताने.

संध्याकाळी पाहतात तो इंजिन नाही. मेजाखाली पाहिले, बोगद्याच्या दोन्ही तोंडांतून विजेरी मारिली, नाही. आणि मग पुराव्यावाचून सही न करणाऱ्या त्या पुरुषाने सर्वांदेखत मेव्हण्यांस म्हटले, "तुझी पिशवी बघू जरा." मेव्हण्यांनी पिशवी स्वतःच मेजावर उलटी केली. छत्री, वर्तमानपत्र आणि चष्म्याचे घर इतका ऐवज निघाला. तो भरून घेऊन ते चहा न घेता निघाले, आणि त्या दिवसापासून बहिणीस भेटावयाचे तर फाटकापर्यंत येत. सरकारांनीही मागल्या खोलीत पुन्हा पाऊल ठेविले नाही. जे काय बोलावयाचे ते उंबऱ्यावरून.

ऐशात खबर आली की सासूबाईंच्या खुब्याचे हाड मोडले होते, शस्त्रक्रिया नीट जाहली, परंतु लेकाच्या घरचे तीन जिने त्यांस चढवणार नाहीत, सबब तीन महिने त्या लेकीकडे राहतील, आणि सोमवारी दहा वाजता तोच लेक, म्हणजे मेव्हणे, त्यांस घेऊन येईल. तळमजल्यास न्हाणीलगत खोली एकच, मागली. सरकारांनी उंबऱ्यावर उभे राहून फर्मान काढिले की रविवारी दिवस मावळण्याआत तेथे खाट पडली पाहिजे, न पडल्यास रेल्वे मोडून भंगारवाल्याच्या हवाली करण्यात येईल.

शनिवारी पहिली स्वारी जाहली. पसारा आवरावयाचा तर सरंजाम हवा, ऐसी मसलत करून स्टेशनमास्तर बाजारात गेले आणि झाकणांचे बारा थोरले डबे घेऊन आले. डबे आत ठेविले आणि उरली वाटही बुजली. मग दार आतून उघडेना, आणि स्टेशनमास्तर पाऊण घटका स्वतःच्याच कुमकेने वेढले जाऊन राहिले, तेव्हा सरकारांनी खिडकीतून डबे एकेक करोन बाहेर ओढिले आणि त्यांची सुटका केली.

रविवारी सकाळी दुसरी स्वारी. ठेवणे, देणे आणि टाकणे ऐसे तीन ढीग योजिले. दोन घटकांनी पाहावे तो ठेवण्याचा ढीग कमरेस लागला, देण्यात एक जुने मासिक, आणि टाकण्यात वाळल्या गोंदाची एक नळी, तीही स्टेशनमास्तरांनी तिसऱ्यांदा पाहून ठेवण्यात घेतली.

"हे घड्याळ कशाला?" सरकारांनी उंबऱ्यावरून विचारिले.

"त्यातली चाकं कामाला येतील."

"कधी?"

स्टेशनमास्तर घड्याळास किल्ली देऊ लागले. तेव्हा सरकारांनी कायदा केला की ज्या वस्तूचा उपयोग वारासकट सांगता येईल ती राहील, बाकी सर्व बाहेर. हा कायदा लागू होताच शत्रूची फळी फुटली. घड्याळ गेले आणि चौतीस बुचे गेली आणि खोकी गेली आणि आठ पेचकस शेजारपाजारी वाटले गेले, आणि मग एका खोक्याखाली विजेचा डबा जिवंत सापडला, आणि स्टेशनमास्तरांनी हुरूप येऊन तारा, रूळ, चाके व तेल ज्याच्या त्याच्या चिठ्ठीच्या कप्प्यात भरिले, जे आठ वर्षांत घडले नव्हते. दुपारी जमीन दिसली. ती फरशीची आहे, हे सर्वांस नव्याने कळले.

परंतु मेज उभे होते. ते बाहेर काढावे तर दारातून जाईना, कारण स्टेशनमास्तरांनी ते खोलीत बसून ठोकले होते आणि दाराचे माप घेतले नव्हते. सुतार बोलाविला होता, तो करवत घेऊन आला आणि म्हणाला, "दोन तुकडे करावे लागतील. मधून." मधून म्हणजे स्टेशनातून. सुताराने फीत पसरून भिंतीपासून मेजापर्यंत मापिले, पुन्हा मापिले, आणि विचारिले, "खाट केवढी आहे?"

"सहा बाय तीन," सरकार उंबऱ्यावरून म्हणाल्या.

"मग मेज कशाला कापता? जागा आहे की. हा डोंगर तेवढा मेजाबाहेर चार बोटं पुढे आलाय. तो काढा, खाट बसते."

आठ वर्षे सारे घर समजत होते की रेल्वेने खोली खाल्ली. खोली पसाऱ्याने खाल्ली होती, आणि पसारा रेल्वेच्या नावावर खात होता. परंतु आता डोंगर पडणार होता. स्टेशनमास्तरांनी सुतारास सांगितले की हे काम दुसऱ्याने करू नये, आणि करवत घेतली, आणि चार महिने खपून केलेल्या कड्यावर चालविली. डोळ्यांत पाणी आले, त्यास त्यांनी प्लास्टरची धूळ ऐसे नाव दिले.

कडा सुटून आला आणि आत उजेड पडला. मुक्या फाट्याच्या टोकाशी, रुळावरून एका बाजूस कलंडून, काळे इंजिन उभे होते. स्टेशनमास्तरांस तेव्हा सारे स्मरले. मेव्हणे हात धुवावयास गेले असता त्यांस चकित करावे म्हणून इंजिन फाट्यात दडविले होते, आणि मग प्लास्टर घट्ट होऊ लागले म्हणून घाईने त्यामागे लागले, आणि विसरले. प्लास्टर पाझरून फाट्याचा रूळ फिरविणारा सांधा धरला, तो पुन्हा हलला नाही. आणि विजेरीचा उजेड वळणापलीकडे जात नव्हता. स्टेशनमास्तर मटकन जमिनीवर बसले, बसावयास आता जमीन होती.

सरकार उंबरा ओलांडून आत आल्या. दोन वर्षांत प्रथमच. त्यांनी इंजिन पाहिले, नवऱ्याकडे पाहिले, आणि इतकेच बोलल्या, "उद्या दहाला येतोय तो."

सोमवारी सकाळी स्टेशनमास्तरांनी दाढी करता करता तीन जबाब रचिले. पहिल्यात इंजिन आपोआप फाट्यात गेले होते, दुसऱ्यात दोष प्लास्टरकडे होता, आणि तिसरा इतका लांब होता की मेव्हणे मध्येच निघून गेले असते. दहाला गाडी थांबली. मेव्हण्यांनी आईस हात धरून पायरीपर्यंत आणिले, बहिणीच्या हाती दिले आणि मागे वळले. स्टेशनमास्तर तिन्ही जबाब विसरले आणि अनवाणी फाटकाकडे धावले, हातात इंजिन.

"बोगद्यात होतं," ते म्हणाले. "मीच ठेवलं, मीच बुजवलं. तुझी पिशवी मी..." त्यांनी इंजिन पुढे केले. "चुकलं माझं."

मेव्हण्यांनी इंजिन घेतले, उलटे केले आणि बराच वेळ पाहिले.

"मागून दार ठेवा म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस."

"फार लागलं होतं मला, भाऊजी."

"माहीत आहे."

मेव्हण्यांनी नखाने चाकावरचे प्लास्टर खरवडले. मग म्हणाले, "जाम झालंय हे. तेल आहे का घरात?"

तेल होते. पाचव्या ओळीत दुसरा कप्पा, चिठ्ठी 'तेल', आणि उघडताच आत तेलच निघाले. या फत्तेचे वर्णन करावे तितके थोडे, परंतु ते करावयास कोणी थांबले नाही. दोघे मेजाशी वाकले, सासूबाई खाटेवर टेकल्या, आणि इंजिनाने दोन वर्षांनी पहिली फेरी पुरी केली. सासूबाईंनी गाडी एकवार पाहिली, लेकाकडे एकवार पाहिले आणि लेकीस हुकूम केला की, "चहा टाक. याचा मागचा राहिलाय."

येणेप्रमाणे मागली खोली सर झाली. पसारा पराभूत होऊन परागंदा जाहला, बारापैकी अकरा डबे दुकानी परत गेले, एक सासूबाईंच्या औषधांस दिला. पेचकस एक, जागेवर. डोंगर नवा बांधण्यात येत आहे, पहिल्यापेक्षा चार बोटे आत, आणि त्यास मागून दार ठेविले आहे. दाराचे माप मेव्हण्यांच्या हाताचे घेतले. सदरहू हकीकत खरी असे, सरकारांनी वाचून मंजूर केली असे, आणि लिहिली ती दैवयोगे नव्हे, स्वतःच्या हाताने.