तुंबलेल्या गटाराचा धनी

"खरा गुन्हेगार मी तासाभरात पकडून देतो!" असं मी छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा गल्लीतलं गटार तिसऱ्या दिवशीही तुंबलेलंच होतं. घाण पाणी आमच्या मोरीतून वर येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकलेलं. आमच्या हिने बजावलं होतं, "आज हे निघालं नाही, तर मी लेकीकडे निघाले!"

गटार उपसणारा आकडा घेऊन कोपऱ्यावर बसलेला. "खर्च कोण देणार ते ठरवा, मग हात लावतो."

"लाँड्रीवाल्याने द्यावा! फेस बघा त्याचा!" न्हावी म्हणाला.

"फेसाने गटार तुंबतं होय रे? तुझ्या केसांनी तुंबतं!" लाँड्रीवाला उसळला.

मला कुठला दम निघतोय! चाळीस वर्षं कापड रंगवलंय मी, अजूनही घरच्या मोरीत चार कापडं रंगवतो. म्हटलं, लाँड्रीच्या पाइपात लाल रंग ओततो, न्हाव्याच्या पाइपात निळा. जो रंग गटारात आधी वर येईल, खर्च त्याचा!

ओतले. पाच मिनिटांत गटारापाशी बारा चकरा मारल्या. रंगाचा पत्ता नाही! तेवढ्यात घरातून किंकाळी.

"अहो! काय सोडलंत हे?"

धावलो. मोरीतून जांभळं पाणी उतू जाणाऱ्या दुधासारखं वर येत होतं. हिचे पाय घोट्यापर्यंत वांग्यासारखे!

"दोघंही गुन्हेगार!" मी ओरडलो. "अर्धा-अर्धा खर्च द्या!"

"थांबा काका," गटारवाला म्हणाला. "दोघांचं पाणी तुमच्याकडे वर येतंय, म्हणजे बोळा तुमच्याच दाराशी आहे."

त्याने आकडा घातला. ओढतोय, ओढतोय... हातभर लांब बोळा निघाला, मांजराएवढा जाड. सगळा लाल, पिवळ्या, हिरव्या दोऱ्यांचा!

न्हाव्याने तो निरखून पाहिला. "काका, असले केस कापायला माझ्याकडे कोणी येत नाही!"

दोरे मी लगेच ओळखले. ठिपके उठावेत म्हणून मी कापडाला दोऱ्याच्या गाठी मारतो. रंग चढला की दोरे कापायचे आणि मोरीत सोडायचे. दोरा तो केवढासा!

तरी मी हटलो नाही. "दोरा बनवला सूतगिरणीने. खर्च गिरणीने द्यावा!"

"देईल की," ही म्हणाली. "गिरणीवाले येईपर्यंत बादली तुम्ही धरा."

खर्च मी दिला, मोरीही मीच घासली. ही लेकीकडे काही गेली नाही. म्हणते, पायांचा रंग उतरला की निघते. आता तिला कसं सांगू? माझा रंग चाळीस वर्षांत कधी उतरलेला नाही!